न तपासलेले पाणी शुद्ध धरू नका

प्रति,
संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी आयोग,
यूएन-वॉटर,
जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम,
आणि शाश्वत विकास ध्येये मान्य केलेल्या १९३ राष्ट्रांची सरकारे

विषय : ध्येय ६ ची (सर्वांना पाणी आणि स्वच्छता) प्रगती मोजण्याची पद्धत आणि त्या मोजणीतून सुटलेली माणसे

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने परदेशी मदत आखडती घेतली आणि त्यात ‘डीएचएस’ या नावाने ओळखली जाणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे बंद पडली. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत या सर्वेक्षणांची माणसे दारोदार फिरली. पाणी कुठून आणता, आणायला किती वेळ लागतो, कोण आणते, शौचालय आहे का, हात धुवायला साबण आहे का, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. त्या कामाचा थोडा भाग पुढे खासगी देणगीच्या आधाराने तगला. पण जे काम सगळ्या सरकारांनी मिळून करायचे, ते आपण इतकी वर्षे एका देशाच्या तिजोरीच्या भरवशावर सोडले होते, हे तेव्हा उघडे पडले. आपल्या अहवालांत गरीब देशांच्या नावापुढे जे आकडे असतात, त्यांतले कितीतरी याच सर्वेक्षणांतून आणि युनिसेफच्या ‘एमआयसीएस’ या तशाच घरोघरच्या सर्वेक्षणांमधून आलेले असतात.

पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण असे की २०२६ हे पाण्याच्या हिशेबाचे वर्ष आहे. जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय राजकीय मंचावर ध्येय ६ चा आढावा, डिसेंबरमध्ये संयुक्त अरब अमिराती आणि सेनेगल यांच्या यजमानपदाखाली संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद. २०३० च्या आधी जगाने पाण्यावर एकत्र बसून बोलण्याची ही बहुधा शेवटची मोठी वेळ. तिथे आकडे मांडले जातील, आलेख दाखवले जातील. ते आकडे नेमके कशाचे आहेत, हे सामान्य वाचकालाही कळावे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिले असले तरी सर्वांसमोर ठेवते आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. नोकरीची सगळी वर्षे पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. तपासणी तशी साधी असते. शंभर मिलिलिटर पाणी बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून ओढायचे, कागद चिमट्याने उचलून पोषकद्रव्याच्या बशीत ठेवायचा, बशी उबवणपेटीत सरकवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. पाणी चांगले असेल तर कागद कोरा राहतो. विष्ठेतून आलेले ई. कोलाय जीवाणू असतील तर त्यांच्या वसाहती निळ्या ठिपक्यांसारख्या उगवून येतात आणि एकेक करून मोजता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार शंभर मिलिलिटरमध्ये असा एकही जीवाणू सापडता कामा नये. ग्लासापलीकडचे छापील अक्षर वाचता यावे इतके नितळ पाणी, आणि त्याच पाण्याच्या बशीत मोजता मोजता नजर हरवावी इतके ठिपके, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

दुसरे कारण घरातले आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे बाळ जुलाबाने गेले. घरात नळ होता, पाणी स्वच्छ दिसत होते. ते पाणी कोणी कधी तपासलेले नव्हते. त्या काळच्या जागतिक हिशेबात ते घर पाणी मिळालेल्या घरांतच मोजले गेले असणार, कारण तेव्हा नळ दिसला की पाणी मिळाले असे धरायचे. म्हणून हा विषय माझ्यासाठी संख्याशास्त्राच्या बारकाव्यांपुरता उरलेला नाही.

आधी जे चांगले झाले ते स्वच्छ मनाने मान्य करते. आपल्याच २०२५ च्या अहवालानुसार २०१५ ते २०२४ या काळात सुमारे ९६ कोटी लोकांना ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’, म्हणजे आवारात, हवे तेव्हा आणि प्रदूषणमुक्त मिळणारे, पिण्याचे पाणी नव्याने मिळाले आणि जगातले त्याचे प्रमाण ६८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले. हे थोडेथोडके काम नाही. त्यामागे अभियंते, प्लंबर, पंपचालक, आरोग्यसेविका आणि आपल्या कार्यालयांत रकाने जुळवत बसणारे कर्मचारी आहेत. संयुक्त देखरेख कार्यक्रम आपली पद्धत लपवत नाही, तिच्यातल्या त्रुटीही स्वतःच छापतो, याबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार अशी की त्या त्रुटी अहवालाच्या मागच्या पानांत राहतात आणि पुढच्या पानावरचा आकडा एकटाच जगभर फिरतो.

पहिली गोष्ट जुनी आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शाश्वत विकास ध्येयांच्या आधीच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत ‘सुरक्षित’ पिण्याच्या पाण्यापासून वंचित लोकांचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्मे करायचे ठरले होते. २०१२ च्या मार्चमध्ये जाहीर झाले की हे लक्ष्य २०१० मध्येच, पाच वर्षे आधी, गाठले गेले आहे. जगातले ८९ टक्के लोक, म्हणजे ६१० कोटी, ‘सुधारित’ स्रोताचे पाणी पीत होते. सुधारित म्हणजे नळ, कूपनलिका, बांधून झाकलेली विहीर, संरक्षित झरा. बांधकाम कोणत्या प्रकारचे आहे ते पाहायचे आणि आतले पाणी चांगले असेल असे मानायचे. पाण्याची गुणवत्ता जगभर मोजणे शक्य नसल्याने हा पर्याय वापरला आहे, असे त्या अहवालातच लिहिले होते. पण मथळे झाले ते ‘सुरक्षित पाण्याचे लक्ष्य गाठले’ असे. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, प्रत्यक्ष तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र करून केलेला एक अंदाज प्रसिद्ध झाला: सुमारे १८० कोटी लोक विष्ठेने दूषित झालेल्या स्रोताचे पाणी पीत होते. त्यांतले कितीतरी जण ‘सुधारित’ स्रोतावरच पाणी भरत होते.

बांधकामावर विश्वास ठेवण्याची किंमत बांगलादेशाने सर्वांत जास्त मोजली. तळी आणि नद्यांच्या दूषित पाण्यातून होणारे रोग टळावेत म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि जीवाणूंच्या बाबतीत उपायही बरोबर होता. पण पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी पाहिले नाही. ते १९९३ मध्ये आढळले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ही एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा असल्याचे नोंदवले गेले. साडेतीन कोटी ते ७ कोटी ७० लाख लोकांना धोका असल्याचा तो अंदाज होता. आर्सेनिकला वास नाही, चव नाही, रंग नाही. तळहातावर कठीण चट्टे उठायला वर्षे लागतात. तोवर प्रत्येक कूपनलिका नोंदवहीत यश म्हणूनच चढत होती.

या अनुभवातून २०१५ मध्ये आपण शहाणपणाचा बदल केलात, आणि माझी मुख्य तक्रार त्या बदलाच्या अर्धवटपणाबद्दल आहे. ६.१.१ या दर्शकासाठी, म्हणजे ध्येय ६ मधल्या पिण्याच्या पाण्याच्या मापासाठी, ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पाण्याच्या तीन अटी ठरल्या: पाणी घराच्या आवारात हवे, गरज असेल तेव्हा हवे, आणि विष्ठाजन्य तसेच आर्सेनिक व फ्लोराइडसारख्या मुख्य रासायनिक प्रदूषणापासून मुक्त हवे. व्याख्या उत्तम आहे. मी माझ्या प्रयोगशाळेतही याहून चांगली लिहिली नसती. पण या व्याख्येप्रमाणे मोजायला लागणारी माहिती कित्येक देशांकडे नाही. २०२२ साठी फक्त १४२ देशांचा राष्ट्रीय अंदाज देता आला. त्या १४२ मध्येही निम्म्या लोकसंख्येची माहिती असली की देशाचा आकडा काढता येतो. उरलेल्या निम्म्यांचे पाणी तपासलेल्यांसारखेच आहे असे गृहीत धरले जाते. ज्या देशांचा आकडाच नाही, त्यांच्यासाठी जागतिक बेरीज करताना आसपासच्या प्रदेशाची सरासरी वापरली जाते. पण तपासणी कुठे होत नाही? दुर्गम भागात, जिथे प्रयोगशाळा नाही, रस्ता नाही, युद्ध चालू आहे, किंवा सरकारला त्या वस्तीचे अस्तित्वच मान्य नाही, तिथे. तिथले पाणी तपासलेल्या ठिकाणांइतकेच चांगले असेल, असे मानायला काहीही आधार नाही.

त्याहून गंभीर बाब तीन अटी एकत्र करण्याच्या रीतीची आहे. ही रीत सामान्य वाचकाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा शंभर घरे आहेत. ८० घरांना आवारात पाणी आहे, ७५ घरांना हवे तेव्हा मिळते, ७० घरांचे पाणी जीवाणूमुक्त आहे. तिन्ही अटी पूर्ण करणारी घरे किती? आपल्या पद्धतीत तिन्हींतला सर्वांत लहान आकडा घेतात, म्हणजे ७०. पण ज्या घरांना आवारात नळ नाही ती २०, ज्यांना वेळेवर मिळत नाही ती २५ आणि ज्यांचे पाणी दूषित आहे ती ३० घरे जर वेगवेगळी असतील, तर तिन्ही अटी पूर्ण करणारी घरे फक्त २५ उरतात. खरे उत्तर २५ ते ७० यांच्या मध्ये कुठेही असू शकते आणि आपण प्रत्येक वेळी त्यातले सर्वांत वरचे टोक छापता. शहरी आणि ग्रामीण भागांसाठी हे वेगवेगळे केले जाते, त्यामुळे चूक थोडी कमी होते, पण तिची दिशा बदलत नाही. ती नेहमी चांगल्या चित्राकडेच झुकते.

याने किती फरक पडू शकतो, याची झलक २०२४ च्या ऑगस्टमध्ये मिळाली. ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात संशोधकांनी २७ देशांतल्या घरोघरच्या सर्वेक्षणांची माहिती उपग्रहांच्या नकाशांशी जोडून १३५ कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अंदाज काढला. त्यांच्या मते २०२० मध्ये सुमारे ४४० कोटी लोकांना सुरक्षितपणे व्यवस्थापित पाणी मिळत नव्हते. आपला त्याच वर्षाचा आकडा होता साधारण २०० कोटी. तो अभ्यासही अंदाजच आहे, त्याच्या पद्धतीवरही प्रश्न विचारता येतील आणि विचारावेत. पण एकाच व्याख्येची दोन मोजमापे दुपटीहून जास्त अंतराने वेगळी येतात, तेव्हा अडचण माहितीच्या तुटवड्यात आहे हे उघड आहे. त्या अभ्यासात सर्वांत मोठा अडसर निघाला तो ई. कोलायचा, म्हणजे जी अट सर्वांत कमी ठिकाणी तपासली जाते नेमका तिचा. २४० कोटी माणसे एका अंदाजात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. एवढ्या मोठ्या फरकावर वर्षभर चर्चा व्हायला हवी होती.

नमुना एकदाच घेतला जातो, ही माझ्या धंद्यातली तक्रार. सर्वेक्षणाची व्यक्ती घरी येते, एक बाटली भरते, निघून जाते. त्या दिवशी ऊन होते की आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गटार तुंबले होते, यावर निकाल अवलंबून असतो. पाणी काही तासच सोडले जात असेल तर नळातला दाब जातो, रिकाम्या नळात फटींतून बाहेरचे सांडपाणी ओढले जाते आणि पाणी पुन्हा सुटल्यावर पहिल्या काही बादल्यांत तेच येते. तपासनीस दहा मिनिटे उशिरा आला तर त्याला ते सापडतही नाही. आपल्या निकषांत दिवसातून १२ तास पाणी असले तरी ते ‘गरजेच्या वेळी उपलब्ध’ धरता येते. उरलेल्या १२ तासांत नळात काय शिरते, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. शिवाय स्रोतापाशी चांगले असलेले पाणी घागरीत, पिंपात, ओगराळ्याने काढता काढता बिघडते. ‘एमआयसीएस’ने २०१२ पासून, पहिल्यांदा बांगलादेशात, घरातच तपासणी सुरू केली, ती मला फार मोलाची वाटते. तिथे सर्वेक्षक घरच्या माणसांना म्हणतो, तुम्ही पिता तेच एक ग्लास पाणी मला द्या. आणि ते पाणी तिथल्या तिथे गाळून बशीत घालतो. वीज नसेल तिथे बश्या अंगाला बांधलेल्या पट्ट्यात ठेवून शरीराच्या उबेवर जीवाणू वाढवतात. हे सगळीकडे करता येते. त्याला मोठी इमारत लागत नाही, माणसाला थोडे प्रशिक्षण लागते.

श्रीमंत देशांनी ही त्यांची गोष्ट नाही असे समजू नये. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ च्या एप्रिलमध्ये पाण्याचा स्रोत बदलला, गंज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही आणि जुन्या नळांतले शिसे लोकांच्या पाण्यात उतरले. शिसे जागतिक दर्शकाच्या मुख्य रसायनांत नाही. त्यामुळे असे शहर जागतिक आलेखावर हिरवेच राहू शकते.

मोजणी घरांची होते, माणसांची होत नाही. रस्त्यावर राहणारे, छावणीत राहणारे, हंगामी मजूर, अनधिकृत ठरवलेल्या वस्त्यांतले लोक जुन्या जनगणनेच्या याद्यांवर आधारलेल्या सर्वेक्षणात सापडत नाहीत. आणि घर सापडले तरी घरातली बाई सापडतेच असे नाही. २०२३ च्या अहवालात आपण लिहिलेत की जगात १८० कोटी लोक आवारात पाणी नसलेल्या घरांत राहतात आणि अशा दहापैकी सात घरांत पाणी आणण्याची मुख्य जबाबदारी बायका-मुलींवर असते. ही माहिती फार आधीपासून प्रत्येक देशाच्या आकड्यात असायला हवी होती. रांगेसकट तीस मिनिटांत जाऊन-येऊन झाले की सेवा ‘मूलभूत’ ठरते. दिवसातून किती फेऱ्या, हे मात्र त्या व्याख्येत विचारलेले नाही. चार फेऱ्या म्हणजे दोन तास. एखाद्या मुलीची शाळा त्या दोन तासांत जाते आणि घर मात्र मूलभूत सेवा मिळालेले म्हणून नोंदले जाते.

नद्या, तळी आणि भूजलाच्या बाबतीत विषमता आणखी उघडी आहे. ६.३.२ हा दर्शक पाण्यातला प्राणवायू, क्षारता, नत्र, स्फुरद आणि आम्लता पाहून जलसाठ्याची स्थिती ‘चांगली’ आहे का ते ठरवतो. २०२१ च्या अहवालासाठी ८९ देशांनी ७५ हजारांहून जास्त जलसाठ्यांची माहिती दिली. त्यांतल्या वीस सर्वांत गरीब देशांचे जलसाठे होते जेमतेम एक हजार. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने नंतर म्हटले की देखरेख सुधारली नाही तर २०३० पर्यंत जगातली निम्म्याहून जास्त माणसे, सुमारे ४८० कोटी, अशा ठिकाणी असतील जिथे पाण्याची स्थिती काय आहे हे कोणाला सांगताच येणार नाही. जिथे माहिती नाही तिथे बिघाड होत राहतो आणि तो बिघाड म्हणून नोंदलाही जात नाही. मग मदत, निधी आणि लक्ष तिथे जाते जिथे माहिती आहे.

जलताणाचा, म्हणजे उपलब्ध गोड्या पाण्यातले किती टक्के उपसले जाते याचा, आकडा तर जगाच्या सरासरीत सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो जगभरात १८ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात काही देश आपल्या नूतनीकरणक्षम गोड्या पाण्याच्या शंभर टक्क्यांहून जास्त उपसतात आणि काहींना त्याची झळ माहीतच नाही. एका देशातही एक खोरे भरलेले आणि शेजारचे कोरडे असते. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात टँकर. वर्षाची आणि देशाची सरासरी काढली की तो उन्हाळा नाहीसा होतो.

आणि ६.५.१ हा दर्शक. एकात्मिक जलव्यवस्थापन, म्हणजे पाण्याच्या सगळ्या वापरांचे एकत्र नियोजन, किती झाले, याच्या प्रश्नावलीची उत्तरे त्या त्या देशाचे सरकारच भरते आणि स्वतःला शंभरपैकी गुण देते. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसे हे आहे. २०१७ मध्ये जागतिक गुण ४९ होते, २०२० मध्ये ५४, २०२३ मध्ये ५७. या वाढीत प्रामाणिक उत्तरे किती आणि सवयीने भरलेली किती, हे सांगायचा मार्ग नाही. ६.ब.१ या दर्शकात लोकसहभागाची कार्यपद्धती कायद्यात किंवा धोरणात लिहिलेली आहे का, हे विचारतात. ती सभा प्रत्यक्षात भरली का आणि तिथे कोणी बोललेले पुढे कामात उतरले का, हे त्यातून कळत नाही.

मला उत्तर काय मिळेल, ते ठाऊक आहे. पैसा मर्यादित आहे, तो तपासण्यांवर घालवण्यापेक्षा नळ टाकावेत. हा युक्तिवाद मी प्रयोगशाळेच्या प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी ऐकला आहे. बांगलादेशात कूपनलिका खोदण्याला पैसा होता आणि पाणी तपासण्याला नव्हता. त्या बचतीचा खर्च लोकांनी आपल्या शरीराने भरला. पाणी तपासणे हा पाणीपुरवठ्याचाच भाग आहे. ज्या योजनेत जलवाहिनीचा खर्च आहे आणि नमुना बाटलीचा नाही, ती योजना अपुरी आहे. शिवाय हक्काचा प्रश्न आहे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२२ मतांनी, एकही विरोधी मत न पडता, सुरक्षित पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. हक्क प्रत्येक माणसाला असतो. सरासरीने तो पाळला गेला असे म्हणता येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

१. पाण्याच्या प्रत्येक जागतिक, प्रादेशिक आणि राष्ट्रीय आकड्याच्या शेजारी, त्याच ओळीत आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, किती टक्के लोकसंख्येचे पाणी प्रत्यक्ष तपासले गेले ते छापा. ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ यांच्या जोडीला ‘तपासलेले नाही’ असा तिसरा रकाना हवा आणि तो आलेखातही दिसायला हवा.

२. तीन अटींचा सर्वांत लहान आकडा घेण्याची रीत थांबवा. जिथे एकाच घराची तिन्ही माहिती आहे तिथे घरागणिक मोजा. जिथे नाही तिथे खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा द्या. मधला खात्रीचा एकच आकडा देऊ नका.

३. घरोघरची सर्वेक्षणे सदस्य राष्ट्रांच्या बांधील वर्गणीतून चालवा. एखाद्या देशात सरकार बदलले म्हणून जगाची मोजणी थांबता कामा नये. २०३० पर्यंत प्रत्येक राष्ट्रीय सर्वेक्षणात पाण्याची तपासणी असावी, स्रोतापाशीही आणि पिण्याच्या ग्लासातही, आणि दोन्ही निकाल वेगवेगळे जाहीर व्हावेत. वर्षातून किमान दोन ऋतूंत तपासणी व्हावी. ज्या भागात शिसे, नायट्रेट किंवा अन्य रसायनाचा धोका ज्ञात आहे तिथे तेही तपासावे.

४. ज्या घरातून नमुना घेतला त्या घराला निकाल सांगा. हे आजही सगळीकडे होत नाही. पाणी दूषित निघाले तर त्या माणसांना ते सर्वांत आधी कळायला हवे. अहवालाची वाट त्यांना पाहायला लावू नका. निकालासोबत तात्पुरते काय करायचे तेही सांगा.

५. सरकारांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांची पडताळणी स्वतंत्र तज्ज्ञ आणि त्या त्या खोऱ्यातले लोक यांच्याकडून करून घ्या, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी प्रसिद्ध करा.

६. जलताण खोऱ्यागणिक आणि महिन्यागणिक द्या.

७. गरीब देशांत पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी, त्यांतल्या तंत्रज्ञांच्या पगारासाठी आणि रसायनांच्या नियमित पुरवठ्यासाठी वेगळा निधी ठेवा. उपकरण देणगी म्हणून येते, उद्घाटन होते आणि पहिले रसायन संपल्यावर ते झाकून ठेवले जाते, हे माझ्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. उपकरणाइतकीच किंमत ते चालू ठेवण्याला द्या.

२०२३ च्या न्यूयॉर्क इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या जलपरिषदेत सुमारे ७०० स्वेच्छेच्या वचनांची नोंद झाली. १९७७ च्या अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता जलपरिषदेनंतर इतक्या वर्षांनी जग पाण्यासाठी जमले होते, म्हणून मी त्या वचनांची यादी आशेने वाचली. त्यांतली बरीचशी अशी होती की ती पाळली गेली का, हे मोजायचेच कसे ते त्यांच्या शब्दांतून कळत नव्हते. डिसेंबरच्या परिषदेत नवी वचने घेण्याआधी या सात मागण्यांवर प्रत्येक सरकारची आणि प्रत्येक संस्थेची भूमिका लेखी मागवावी आणि ती जाहीर करावी. २०३० नंतरच्या ध्येयांची आखणी करणाऱ्या बैठकांत पाणी तपासणारी माणसे, पाणी भरणाऱ्या बायका आणि त्या पाण्याने आजारी पडलेल्या घरांतली माणसे बसवावीत. त्यांच्या प्रवासाचा आणि दुभाष्याचा खर्च परिषदेच्या अंदाजपत्रकात आत्ताच धरावा, म्हणजे ऐनवेळी जागा नाही किंवा पैसे नाहीत असे सांगावे लागणार नाही.

माझ्या पत्रातल्या कोणत्याही विधानावर आपले मत वेगळे असेल तर ते कारणांसह जाहीरपणे मांडावे, मी ते त्याच जाहीरपणे वाचकांसमोर ठेवीन. उत्तर परिषदेच्या आधी यावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली,
पिण्याचे पाणी तपासणारी एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ